रिकाम्या कुरणाचं कुंपण

“हा तिसरा मॉडेम. आधीचे दोघे गेले बिचारे,” एब पेनर म्हणाले. “तू यालाही न्यायला आलीस का?”

“मी नेत नाही, मिस्टर पेनर. मी फक्त समजूत घालते.” आर्लीनने गुडघ्यावर हात टेकला आणि कण्हत जमिनीवर बसली.

अर्धं आयुष्य तिनं कॅनडातल्या मॅनिटोबाच्या या सपाट मुलखात टेलिफोनच्या तारा सांधल्या होत्या. आता कंपनी तिला इंटरनेटच्या तक्रारींवर धाडायची. तार तीच, तांब्याची, तिच्याइतकीच थकलेली. लोक चिडून बोलत, त्याची तिला सवय होती. पेनर चिडले नव्हते. तेच जड जात होतं.

“तीन वाजता बायको दिसते, जस्टिना,” ते म्हणाले. “तिकडे वृद्धाश्रमातली नर्स तिच्यापुढे टॅबलेट धरते. मधेच तुटलं की हिला वाटतं, मी रागावून उठून गेलो. परवा जेवलीच नाही म्हणे.”

“तुम्ही रागावता?”

“अगं पोरी, लग्नाला इतकी वर्षं झाली. रागवायचं कधीच संपवून टाकलं.”

आर्लीन छप्पन्नची होती. पोरी म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

तिनं लॅपटॉप जोडला, मॉडेमच्या सेटिंगमध्ये शिरली आणि वेग उतरवला. धावू नकोस, पण पडूही नकोस, एवढंच त्याला सांगायचं होतं. हिरवा दिवा स्थिरावला. दोघंही दुधाच्या भांड्याकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत राहिली. दिवा लुकलुकला आणि गेला.

“समजूत पटलेली दिसत नाही,” पेनर म्हणाले आणि रुबार्बच्या आंबट देठांच्या केकची बशी तिच्याकडे सरकवली.

तिनं भिंतीवरचा जुना फोन उचलला, एक आकडा दाबून डायल टोनची गुणगुण थांबवली आणि कान लावला. टक्. मग टक्. मग पुन्हा टक्.

“मिस्टर पेनर, झटका मशीन चालू आहे का तुमचं? कुंपणाच्या तारेत वीज सोडायचं?”

“आहे ना.”

“गायी किती?”

पेनरांनी सूर्यफुलाची बी दातांत फोडली. टरफल वाटीत टाकायला बराच वेळ घेतला.

“ऑक्टोबरात विकल्या.”

खिडकीबाहेर जून होता. न चरलेलं गवत तारेला टेकलं होतं. तिथे ठिणग्या उडत होत्या आणि शेजारून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेत त्यांचा त्रास उतरत होता.

“मग कुंपण कोणासाठी?”

“ती आश्रमात गेली त्या दिवशी गाडीत बसताना म्हणाली, कुंपण बंद करू नकोस हं, गायी रस्त्यावर येतील. इथलं तिचं शेवटचं धड बोलणं ते.”

आर्लीन केक चघळत राहिली. “गवत कापलं तरी बरंच भागेल,” ती अखेर म्हणाली. “पण आज तीनच्या आत नाही व्हायचं.”

पेनर उठले. टोपी घातली. मशीन होतं त्या गोठ्याकडे चालत गेले, कुत्र्यालाही न बोलावता. फोनमधली टकटक थांबली, पण ते लगेच परतले नाहीत.

तीन वाजता पडद्यावर जस्टिना आली. केस कोणीतरी नीट विंचरून दिले होते. मॉडेमचा दिवा हलला नाही.

“एब,” ती म्हणाली, “कुंपण चालू आहे ना?”

“चालू आहे.”

“बघून आलास?”

“आत्ताच बघून आलो.”

“बरं,” ती म्हणाली. “मग बस जरा.”

आर्लीनने हत्यारं आवाज न करता पेटीत भरली आणि बाहेर आली. गाडी कुरणापलीकडे होती. वाटेत तारेचं फाटक होतं. मेलेली तार, कुठेही धरली तरी चालली असती. तिनं प्लास्टिकची मूठ धरून ते उघडलं, पलीकडे गेली आणि मुठीनंच पुन्हा कडीत अडकवलं, तारेला बोट लागू न देता.