अजून आंधळा कृष्ण

भवानीनं ओल्या फडक्याच्या टोकानं कृष्णाचे डोळे पुन्हा पुसून काढले. बाकी सगळं झालं होतं. दागिन्यांचा उठाव, काचेचे खडे, सोन्याचा वर्ख, हातातला लोण्याचा गोळासुद्धा. लाकडी फळीवर रंगवलेल्या तंजावूरच्या चित्रात डोळे शेवटी उघडतात, आणि नेमकं तिथंच तिचं घोडं अडलं होतं.

चित्र घरातल्याच माणसासाठी होतं. धाकटी जाऊ हरिता, सातवा महिना. उठल्याबरोबर बाळकृष्ण नजरेस पडावा म्हणून ते तिच्या खोलीत लावायचं होतं. आजवर भवानीनं परक्यांच्या लेकीसुनांसाठी कितीतरी कृष्ण हसत हसत रंगवले. स्वतःला मूल नव्हतं, तरी हात कधी अडला नव्हता. या खेपेला मेला हात ऐकेचना. डोळे काढले की त्यांतून तिचाच हेवा बघायचा. असलं चित्र पोटुशीसमोर टांगायचं? छे!

दुपार कलली. वर्खावरून परतलेलं ऊन भिंतीवर, छतावर, तिच्या मनगटांवर हलू लागलं. सगळी खोलीच संथ पाण्यात तरंगत असल्यासारखी वाटत होती. हरिता फिल्टरच्या कापीचे दोन पेले घेऊन आली आणि भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

"अक्का, अजून आंधळाच का हो हा?"

"नक्को विचारूस."

"का? काय झालं?"

भवानीनं कुंचला खाली ठेवला.

"हेवा वाटतो गं मला तुझा. लपवून काय करू? तोच ह्याच्या डोळ्यांत उतरतोय."

हरिता रागावली नाही. निवलेली कापी उगाच वरखाली ओतत राहिली.

"तुमच्याकडे कुंचला तरी आहे," ती म्हणाली. "मला भीती वाटते, अक्का. रोज वाटते. सगळे म्हणतात, हसत राहा. मी कुठं उतरवू?"

ऊन छतावर हलत होतं. मग भवानीनं कुंचला उचलला. रेघ ओढताना तिनं आपला हेवा आवरला नाही, आणि हरिताची भीतीही बाजूला सारली नाही. लोणी हवंय, हवंच आहे, आणि आई दारात येऊन उभी राहिलीय, अशा पेचातलं एक हावरं, घाबरलेलं, लबाड पोर फळीवरून दोघींकडे टकमक बघू लागलं.

"अय्यो, चोर!" हरिता म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी तिचा नवरा साईराम हातोडी घेऊन आपल्या खोलीकडे निघाला. हरितानं त्याला अडवलं.

"तिकडे नाही. अक्कांच्या खोलीत."

"अगं, तुझ्यासाठी ना ते?" भवानी म्हणाली. "उठल्याबरोबर बघायचं असतं."

"उठून येईन की इथं. माझ्या खोलीत लावलं तर तुम्ही यायच्या नाही. बातमी कळल्यापासून उंबरा ओलांडला नाहीत."

साईराम भिंतीवर खिळा धरून विचारत होता, इथं ठोकू का.

"खाली घे," भवानी म्हणाली. "अजून खाली. रांगणाऱ्याला दिसलं पाहिजे."