चंद्रीला तळं मोकळं

आमच्या दाराम्होरं तळं हाय. पण गेली दोन वर्सं त्यात पाणी हाय का न्हाय, तेच दिसत न्हवतं. नुसती जलपर्णी! हिरवीगार पानं, वर जांभळी फुलं. सांबऱ्याच्या रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून फोटू काढायचे. मी दारातनं वरडायची, "फोटू काय काढताय? उपटून न्या की घरला!"

चंद्री माझी म्हस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी धुऊन, शिंगं रंगवून गावातनं मिरवतात. तळ्यात डुंबल्याबगर चंद्रीचा पाडवाच हुईत न्हाय. गेल्या साली नळाखाली धुतली, तर दिवसभर माझ्याकडं पाठ करून बसली बया.

गणपती झाल्यावर शेजारच्या मारुतीरावअण्णांनी फवारायचा पंप बाहेर काढला. "उसात तणावर मारतो तेच औषध मारतो. तळं साफ!"

माझं टाळकंच सटकलं. "अण्णा, त्या पाण्यात माझी चंद्री तोंड घालते! खाली लोकांच्या हिरी हाईत. तळं काय तुमच्या परड्यातलं हाय व्हय?"

"मग पाडव्यापतोर तू मोकळं करून दाव. न्हाईतर मी मारणार."

"दावते!" म्हटलं आन तडक उठले.

पलीकडं नवं घर बांधलेली समता बेळगावात नोकरीला जाते. तिला घिऊन पंचायतीत गेले, परवानगी मागितली. सायेब म्हणाले, औषधाचा थेंब नको, हातानं काढा आन पाण्यापासनं लांब टाका.

रविवारी अख्खी गल्ली कोयते घिऊन उतरली. उसाच्या फडात वाढलेली माणसं आम्ही, हात थांबतोय कुठला? सपासप! दुपारपतोर अर्धं तळं मोकळं. अण्णांना ऐकू जाईल अशी मी मोठ्यांदा हसले.

पण तोडताना सुटलेले बारके तुकडे पाण्यातच तरंगत राहिले. थोड्या दिवसात त्यास्नी मुळं फुटली आन तळं पयल्यापेक्षा दाट झालं. अण्णा कट्ट्यावरनं म्हणाले, "काय गं शालू, लावण केलीस व्हय?"

उसाची कांडी तोडून लावली की फुटते, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठावं. हे बी तसंच फुटंल, हे कुणाच्या ध्यानात यिऊ नये? लई राग आला सोताचा. गोठ्यात जाऊन रडले.

समता मागनं आली. "शालूआक्का, तोडायचंच न्हाय आता. मुळासकट वढायचं."

"वढायचं कशानं?" म्हटलं, आन समोर खुंटीवर ट्रॉलीत ऊस बांधायचा दोर दिसला.

त्या दोराला रिकामे डबे बांधून तो पाण्यावर तरंगत सोडला. एक तुकडा खालच्या गावाला जाऊ नये म्हणून सांडव्याला जुनी जाळी लावली. दोराचं एक टोक ह्या काठावर वरच्या गल्लीकडं, दुसरं त्या काठावर खालच्या गल्लीकडं. "वढ रं!" दोराम्होरची जलपर्णी गोधडीगत सरकत काठाला आली. बायकांनी ती दाताळ्यानं वर घेतली, मुळासकट, आन लांब माळावरच्या खड्ड्यात टाकली. दर रविवारी हेच. गल्ल्यागल्ल्यात अशी ईर्षा लागली की बोलायची सोय न्हाय!

एकदा वरच्या गल्लीत माणसं कमी पडली. कट्ट्यावरनं अण्णा वरडत हुते, "आरं, वाकून वढा!" शेवटी राहवलं न्हाय. धोतर खोचून खाली आले आन दोराला लागले. मी सरकून त्यास्नी जागा करून दिली. 'लावण'वाला टोमणा जिभेवर आला हुता, तो गिळला.

पाडव्याच्या सकाळी चंद्री गळ्यापतोर पाण्यात! डोळं मिटून असं डुंबली की बाहेर यायचं नाव घेईना. मला हसावं का रडावं कळंना. मागनं अण्णांची म्हस उतरली, मग सगळ्या गावच्या.

तवर अण्णांच्या नातीनं काठाला उरलेलं एक जांभळं फूल उपटून आणलं, म्हशीच्या शिंगाला बांधायला. मी तोंड उघडायच्या आतच अण्णा वरडले, "ए, पाण्याजवळ नको आणू ते! मुळासकट माळावर नेऊन टाक!"

आन माझ्याकडं बघून म्हणाले, "शालू, येत्या रविवारी दोर किती वाजता गं?"