संडासातलं कॅलेंडर

हर्मनने चाळीस वर्षं लोकांची घरं हलवली. योर्दान या जुन्या डच वस्तीतल्या अरुंद जिन्यांवरून कपाट उतरत नाही, म्हणून ते छपराखालच्या हुकाला दोर लावून खिडकीतून खाली सोडायचं. ते त्याचं काम. गाडी भरली की तो मालकिणीला एकच प्रश्न विचारायचा, "बाई, संडासातलं कॅलेंडर घेतलंत?" दर दुसऱ्या घरात ते राहिलेलं असे. वर्षानुवर्षं चालणारं वाढदिवसांचं कॅलेंडर इकडे संडासातच टांगतात, बसल्या बसल्या रोज नजर पडावी म्हणून. आणि घर सोडताना नेमकं तेच दाराआड राहून जातं.

त्याच्या स्वतःच्या घरातलंही तसंच राहिलं. त्याची बायको नेल गेली आणि तिसऱ्या महिन्यात त्यांच्या मुलाने, रॉबने, एका सकाळीत सगळं सामान शहराबाहेर, अल्मेरेला हलवलं. हर्मन तेव्हा समोर राहणाऱ्या बेपकडे कॉफीचा कप धरून बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्यानेही कुणाला तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

नेलच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं. कागद सगळे रॉबने टाकून दिले. कॅलेंडरवर तिने निळ्या शाईने सगळ्यांचे वाढदिवस लिहिले होते. कुणी वारलं की त्याच दिवशी ती नावापुढे छोटा क्रूस काढायची. घरातल्यांचे वाढदिवस कुणी लिहीत नाही, ते लक्षात असतातच. पण एका वर्षी हर्मन तिचाच विसरला. तेव्हा तिने नऊ नोव्हेंबरवर लिहिलं, "मी!" खाली दोन रेघा. त्या "मी"पुढे क्रूस काढायचं काम आता त्याचं होतं, आणि ते दोन वर्षं राहिलं होतं.

घराच्या नव्या मालकिणीला त्याने दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. मग वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, ते घर आता पर्यटकांना देतात. त्यांनीच त्याला दोन रात्रींसाठी खोल्या ठरवून दिल्या. जाहिरातीत लिहिलं होतं, खऱ्या योर्दानमध्ये राहा.

बेप नेहमीसारखी दारात खुर्ची टाकून बसली होती.

"आले का पर्यटक!" ती ओरडली. "बॅगेला चाकं पण आहेत की रे. उचलून ने, ती खडखड ऐकून कान किटलेत माझे."

"कशी आहेस, बेप?"

"आहे अजून. कुठे उतरलायस?"

"घरी. आमच्याच."

"स्वतःच्या घरात भाड्याने? डोकं फिरलंय तुझं."

"नेलचं कॅलेंडर न्यायला आलोय."

"जिना सांभाळून चढ," ती म्हणाली. "गुडघे काही भाड्याने मिळत नाहीत."

वर सगळं पांढरं केलं होतं. नेल ज्या खोलीत शेवटचे पाच महिने पडून होती तिची भिंतच नव्हती. पण संडासात, त्याच खिळ्यावर, कॅलेंडर होतं.

हर्मन दार लावून बसला. पानं उलटू लागला. अक्षर नेलचंच. वळणदार, जरा उजवीकडे कललेलं. त्याच्या भावाचं नाव, नेलच्या आईचं, खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याचं. काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. एप्रिल, मे, जून. मग कळलं. एकाही नावापुढे क्रूस नव्हता. त्याने पानावरून बोट फिरवलं. पान गुळगुळीत होतं, प्लॅस्टिकचं.

संध्याकाळी मालकीण टॉवेल द्यायला आली. लोटे तिचं नाव, पंचविशी-तिशीची. पत्रं लिहिणारा तोच, हे तिला माहीत नव्हतं. त्याने वाक्य तयार ठेवलं होतं, गरज पडली तर विनवणीसुद्धा.

"ते कॅलेंडर," तो म्हणाला.

"मस्त आहे ना? पाहुण्यांना भयंकर आवडतं. सगळे त्याचेच फोटो काढतात."

"मूळचं कुठंय?"

"टाकलं. पिवळं पडलं होतं, वासही यायचा. त्यावरून छापून घेतलं. ते क्रूस तेवढे काढायला लावले. सुट्टीवर आलेल्या माणसाला संडासात मेलेल्यांची यादी कशाला?" ती हसली. "हवंय का तुम्हाला? न्या की. माझ्या चारही घरांत तेच आहे. घरी अजून गठ्ठा पडलाय."

"त्यात नोव्हेंबरमध्ये 'मी' आहे ना," हर्मन म्हणाला, "ती माझी बायको."

"खरंच? किती गोड!" लोटे म्हणाली, आणि टॉवेल पलंगावर ठेवून गेली.

हर्मनने खिशातून पेन काढलं. नोव्हेंबरचं पान उघडलं आणि "मी"पुढे क्रूस काढला. शाई धरेना. थेंब जमले आणि घरंगळले. पुन्हा काढला, जोर देऊन. मग अंगठ्याने सगळं पुसून टाकलं.

दुसरी रात्र तो राहिलाच नाही. सकाळी बॅग उचलून खाली आला. कॅलेंडर खिळ्यावरच होतं.

"मिळालं?" बेपने विचारलं.

"नाही."

"ये, कॉफी घे."

कॉफी व्हायच्या आधी तो तिच्या संडासात गेला. बेपचंही कॅलेंडर तिथंच होतं, कडा फाटलेलं. त्याने नोव्हेंबर काढला. नऊ तारखेला नेल, पुढे क्रूस. ठळक, काळ्या शाईचा. तो बराच वेळ बघत राहिला. मग फेब्रुवारी काढला. सतरा तारखेला हर्मन. पुढे क्रूस.

बाहेर येऊन तो म्हणाला, "मला मारून टाकलंस होय गं?"

"तुला?" बेप कप मांडत होती. "अरे, अल्मेरेला गेलास ना. गेलेल्यांना मी क्रूसच काढते. कुठे गेले ते बघत बसू का? अर्धी गल्ली गेलीय. मी मेल्यावर माझ्यापुढे काढायला कोण आहे, ते सांग."

त्याने कॉफी प्यायली. बेपने डबा उघडून एक बिस्किट दिलं आणि झाकण लावलं, नेहमीसारखं. गल्लीतल्या माणसाला कुणाकडेही एकच बिस्किट मिळतं. त्याने ते खाल्लं. मग बेपने त्याच्याकडे बघितलं, पुन्हा झाकण उघडलं आणि डबा पुढे केला.

"घे अजून एक," ती म्हणाली. "पाहुणा आहेस."