शीळ घालणारी वाफ

जुम्याची नमाज आटोपली आणि अख्खी वस्ती बॉयलरभोवती गोळा झाली. सुएझच्या आखाताकाठच्या त्या बदू, म्हणजे वाळवंटी अरबांच्या, वस्तीत पूर्वी खऱ्याखोट्याचा निवाडा तापल्या लोखंडाला जीभ लावून होई. शेख जिद्दानने लोखंड मोडीत काढलं आणि वाफ आणली. बंद पडलेल्या धोबीखान्यातला बॉयलर, त्याला आडवी पितळी तोटी, तोटीपुढे वीतभर अंतरावर रोवलेली खुंटी. आरोपीने खुंटीवर हात धरायचा.

"या वाफेत वली, आपला संत, राहतो. खऱ्यापुढे तो शीळ घालतो," शेख सूर लावून सांगत होता. "खोट्यापुढे गप्प होतो. आणि वली गप्प झाला की माणसाचा हात बोलतो."

विधवा नुवैफाची सांडणी रस्त्याकडेला मरून पडली होती. गाडीची धडक उघड दिसत होती. वस्तीत गाड्या दोनच. एक विजेच्या कारखान्यात टर्बाइन फिटर असलेल्या सुवेलमची, दुसरी विहिरीकाठच्या उवैदची. दोघांनीही शपथेवर नाही म्हटलं होतं.

पहिली पाळी सुवेलमची. वाळूच्या वादळात सांडणी आडवी आली होती त्याच्याच गाडीला, आणि तो थांबला नव्हता. त्याने हात पुढे केला. तोटीतून बारीक, तीक्ष्ण शीळ उठली. तळहाताला नुसती कोमट ओल लागली.

"निर्दोष," शेख म्हणाला. बायकांनी आनंदाचा गजर केला.

पहिल्याची शपथ पुसायला म्हणून शेखने हिरव्या फडक्याने तोटी घोळून घोळून पुसली, तोंडाने मंत्र चालूच. मग उवैदने हात धरला. शीळ आलीच नाही. पांढरी, जाड वाफ भसकन बाहेर आली आणि उवैद किंचाळला. तळव्याची कातडी सुटली होती. निवाडा झाला: तीन दिवसांत तंबू मोडून वस्ती सोडायची. उवैदने शेखला विहीर द्यायला नकार दिला होता, ही आठवण कुणी काढली नाही.

वली चुकला होता, आणि ते साऱ्या वस्तीत एकट्या गुन्हेगाराला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात टर्बाइन उघडलं होतं. इंजिनिअर शाहीनाझबाईंनी झिजलेलं नोझल, म्हणजे वाफेची तोटी, त्याच्या हातात दिलं.

"हे बघा, उस्ताद. तेवढंच तेल जळतंय, वीज मात्र कमी. का? भोक झिजून वेडंवाकडं झालंय. वाफ इथे वेग घेते, आणि वेगावरच चक्र फिरतं. वाफ तीच असते. ती काय करणार, हे तोटी ठरवते."

सुवेलम नोझलकडे बघतच राहिला. गेल्या हिवाळ्यात याच कारखान्याच्या लेथवर त्याने शेखला दोन तोट्या कातून दिल्या होत्या. एकीला सुईएवढं भोक, दुसरीला अंगठ्याएवढं. दोन्ही पाव फेऱ्यात बसणाऱ्या. जडीबुटीचा अर्क काढायला हव्यात, असं शेख म्हणाला होता. खुंटीजवळ उभं असताना त्याच्या कानांनी फरक ओळखला होता. त्यानेच तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

तिसऱ्या दिवशी उवैदच्या तंबूचे खांब गाडीत चढत होते. पलीकडे शेखने दुसऱ्या कुणाच्या भांडणासाठी बॉयलर पेटवला होता. सुवेलम गर्दीतून पुढे गेला आणि माझी परीक्षा पुन्हा घ्या म्हणाला.

"एकदा सुटलास, आता पदक हवंय का?" एक म्हातारा म्हणाला. लोक हसले. मोफत जाहिरात होतेय म्हणून शेखही हसला आणि त्याने चावी फिरवली. शीळ उठली.

सुवेलमने हात धरला. "नुवैफाची सांडणी मी मारली."

शीळ चालूच.

"आता खोटं बोलतो. मी मारली नाही."

शीळ तीच, हातही शाबूत. हसू थांबलं. सुवेलमने चावी बंद केली आणि शेखच्या मांडीवरचं हिरवं फडकं ओढलं. दुसरी तोटी वाळूत पडली. त्याने पहिली काढली आणि ही फडक्यात धरून पाव फेऱ्यात बसवली.

"शेखसाहेब, तुम्ही तर खरे. धरा हात."

शेखने हात बाह्यांत ओढले. आज वलीची मर्जी नाही, असं काहीसं पुटपुटला.

"वलीचं राहू दे," नुवैफा म्हणाली. "तुझी मर्जी सांग."

सुवेलमने सगळ्यांना समजावलं. बारीक भोकातून वाफ इतक्या वेगाने सुटते की वाटेतली गार हवा ओढून घेते. वीतभर पुढे पोचेपर्यंत ती निवलेली असते. रुंद भोकातून ती सावकाश, दाट येते, उकळतं पाणी घेऊन येते, आणि कातडीवरच तिचं पाणी होतं. तोट्या त्याने कातल्या होत्या, फडक्याखाली बदलणारा शेख होता. चमत्कार एवढाच.

उवैद मागे येऊन उभा होता, हात चिंध्यांत गुंडाळलेला.

"माझा हात भाजला तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"तोट्यांचं नंतर जुळवलं. सांडणीचं ठाऊक होतं."

उवैद धड हाताने खांब गाडीतून उतरवू लागला. सुवेलम मदतीला गेला, तेव्हा त्याने मान हलवून नको म्हटलं.

सुवेलम गर्दीकडे वळला. "उद्या कुणी दुसरं यंत्र आणेल. त्याला काही विचारू नका. वाफेला खरंखोटं कळत नाही. ते माणसाला कळतं, म्हणून माणसाला विचारा, पुरावा मागा. माझ्या गाडीचा पुढचा दिवा फुटलाय. चार दिवस ती तुमच्या दारावरून जातेय. कुणी वाकून पाहिलं नाही."