बटणांच्या कारखान्यापुढे आत्या

आमच्या जुन्या कामगारवस्तीची फेरी घडवायचं काम मी तीन वर्षं करतोय. सहा वर्षांचा असताना वस्ती सोडलेला माणूस तिचा इतिहास एवढ्या ठसक्यात सांगतो, याचं मलाच फार कौतुक वाटायचं.

बटणांचा कारखाना हा माझा हुकमाचा एक्का. आता तिथे काचेची ऑफिसं आहेत, पण फाटक तेच. फाटकावर हात ठेवून मी आवाज जरा घोगरा करायचो. "इथेच कामगारांनी यंत्रं थांबवली. आणि सगळ्यांच्या पुढे उभे होते माझे वडील."

त्या रविवारी मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "तो पुढे नव्हता."

वळून बघतो तर आत्या. तिने या कारखान्यात बावीस वर्षं बटणं निवडली होती. तिला फेरीला बोलवायचं मला कधी सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मुद्दामच सुचलं नव्हतं.

"मग कुठे होते?" एका बाईंनी विचारलं.

"घरी. गालगुंड झालं होतं. माझा लोकरी रुमाल गुंडाळून पडला होता."

लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

"मग यंत्रं कोणी थांबवली?"

"यंत्रं चालूच होती," आत्या म्हणाली. "आम्ही निवडणाऱ्या चाळीस बायका. दहा तास उभ्याने काम. बसायला स्टुलं द्या म्हणून वर्षभर सांगत होतो. मुकादम म्हणायचा, बसलात की झोपाल. मग एका सकाळी आठवडाभर निवडलेली सगळी बटणं आम्ही टोपल्यांतून जमिनीवर ओतली. दोन भोकांची, चार भोकांची, काळी, पांढरी. आणि झाडूने नीट कालवली."

"पहिली टोपली कोणाची?"

आत्याने चष्मा पुसला. "माझी कडेला होती. धक्का लागला असेल."

तीन दिवस मुकादम, मालक आणि मालकाचे जावई गुडघे टेकून बटणं वेचत होते म्हणे. चौथ्या दिवशी चाळीस स्टुलं आली. लोक राईचा पर्वत करतात. मी गालगुंडाचा केला होता.

पुढच्या गल्लीत सवयीने माझं बोट वर गेलं. "ती आमच्या खोलीची खिडकी."

"ती मुकादमाची," आत्या म्हणाली. "आपल्या खोलीला खिडकीच नव्हती. तू त्यासाठीच रडायचास."

मी मुकाट्याने ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला.

परतताना मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" थोडं चालून ती म्हणाली, "पण बोलतोस छान. तुझं ऐकताना मलाही क्षणभर वाटलं, भाऊ तिथे होता."



आता रविवारी आत्याच बोलते. मी मागून चालतो, रेंगाळणाऱ्यांना पुढे हाकतो. वडिलांचं गालगुंड तिने गोष्टीत कायम ठेवलंय. परवा तर ते दोन्ही गालांना झालं होतं.