सोळा गायी

मालिनाने गाभ टाकला तेव्हा अल्बिना कोस्त्काला त्या गायीचं वाईट वाटलं, एवढंच. त्यातून आपल्या पोराचं काय होणार आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. कुठलं राज्य रणगाडे देत होतं, कुठलं विमानं. विस्कॉन्सिन दूध देत होतं. चीज, लोणी, दुधाची पावडर, सगळं बोटींनी सैन्याकडे जायचं. म्हणून गोठ्यावर राबणाऱ्या जवान पोरांना भरतीतून सूट होती. पण तीही मोजून. दुभत्या गायीला एक अंक, आणि एका माणसाला सूट मिळायला सोळा अंक. कोस्त्कांच्या गोठ्यात बरोबर सोळा गायी होत्या. नवरा व्हाक्लाव दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगाने लुळा पडलेला. मुलगी स्टर्जन बेच्या गोदीत जहाजं जोडायला गेलेली. राहिला एकवीस वर्षांचा जेरोम. बहुतेक गायींची धार तोच काढायचा.

मालिनाच्या पाठोपाठ आणखी एकीने गाभ टाकला, तसा जनावरांचा सरकारी डॉक्टर आला. सगळ्यांचं रक्त तपासायला नेलं. आठवड्याने परत आला तो डागायची सळई घेऊनच. गाभ टाकण्याचा साथीचा रोग निघालेल्या चार गायींच्या जबड्यावर डाग दिला आणि त्यांना खाटकाच्या ट्रकमध्ये चढवलं.

जेरोम आणि अल्बिना जिल्हाभर गाय शोधत फिरले. पण ज्याच्या घरी जवान पोरगा, तो गाय सोडेना. एका म्हाताऱ्याने तर दारातूनच हात हलवला. "बायको माग, विचार करतो. गाय मागू नकोस!"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फ्रँक झेलेंका मोजणीला आला. तीन शेतं पलीकडचा शेजारी. भरती मंडळाने गोठे तपासायचं काम त्याच्या गळ्यात घातलं होतं. अल्बिना त्याच्या मागोमाग गोठ्यात गेली.

"बारा," फ्रँक म्हणाला.

"आणि कोंबड्या? त्यांचेही अंक धरतात ना?"

"चाळीस कोंबड्यांचा धड एकही होत नाही, अल्बिना. आणि तुझ्या कोंबड्या अंडी कमी देतात, भांडतात जास्त."

ती हसली. मग हसता हसताच म्हणाली, "सोळा लिही ना, फ्रँक. मे महिन्यापर्यंत कुठून तरी चार आणते. पाया पडते तुझ्या."

फ्रँकने टोपी काढली. 

"या महिन्यात जिल्ह्याने अठरा पोरं द्यायची आहेत. मी सोळा लिहिलं तर जेरोम राहील. मग त्याच्या जागी जाणाऱ्या एकोणिसाव्याच्या आईला काय सांगू? माझा एडविन इटलीत आहे. तीन आठवडे झाले, पत्र नाही."

 भांडायला निदान समोरचा माणूस वाईट तरी हवा होता.

तरी ती मंडळापुढे गेली. टेबलामागे तिघं बसले होते. तिघांनाही ती लग्नाआधीपासून ओळखत होती. तिने व्हाक्लावचा हात सांगितला, बारा गायी सांगितल्या, महिन्याचं दूध सांगितलं. "पोरगा नेलात तर हे दूधही जाईल. मग सैन्याला काय पाजाल?"

"खरंय तुझं," मधला म्हणाला. "अगदी खरं. पण अंक आम्ही नाही ठरवले."

"मग कुणी?"

"राजधानीतून, मॅडिसनहून येतात."

"मॅडिसनला जाऊ?"

"त्यांना वॉशिंग्टनहून येतात," तो हळूच म्हणाला, आणि उठून त्याने तिच्यासाठी दार उघडलं.

घरी तिने सांगितलं तेव्हा जेरोम चिखलाचे बूट काढत होता. "जाऊ दे, आई. नाचाला गेलं की पोरी मला 'गोठ्यातले कर्नल' म्हणतात. आता निदान तोंड तरी वर करता येईल." त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. तो तिने पाहिला, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच बटाटे सोलत बसली. जेवणाला फार होतील इतके.

एप्रिलमध्ये चर्चसमोरून बस सुटली. जेरोमने वडिलांची उजवी बाजू धरून त्यांना मिठी मारली. "मालिनाच्या गेल्या वर्षीच्या पाडीला जास्त आंबोण देऊ नका, लाडावलीय," एवढं सांगून तो चढला. व्हाक्लावला काही म्हणायचं होतं. जीभ वळेपर्यंत बस वळणाआड गेली.

मेपर्यंत अल्बिनाने बारा गायींचं काम एकटीने ओढलं. मग तिच्या मनगटांना सूज आली आणि बोटं मिटेनात. सात गायी तिने विकल्या. त्या घ्यायला तीन माणसं धावत आली. तिघांच्याही घरी जवान पोरं होती. दूध न्यायला येणारा ड्रायव्हर म्हणाला, "काय हो, कोस्त्काबाई, दोनच कॅन? लढाई हरायची आहे का?" तो थट्टेनेच म्हणाला होता. तिने कॅनची झाकणं दाबून बसवली आणि आत गेली.

एका सकाळी तिला जाग आली तेव्हा व्हाक्लाव अंथरुणात नव्हता. तो गोठ्यात होता. काठी भिंतीला टेकवून, कपाळ गायीच्या कुशीला लावून तो तिपाईवर बसला होता आणि उजव्या हाताने धार काढत होता. बादलीत बोटभर दूध. गाय कंटाळून पाय बदलत होती. त्याला धाप लागली होती.

"अहो, उठा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. नाही.

 अल्बिना दुसरी तिपाई ओढून गायीच्या पलीकडे बसली आणि सुजल्या बोटांनी तिने तिच्या बाजूचे दोन सड धरले.