लाल झालेलं पाणी

जिन्यावर चपलांचा ढीग होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी बाळंतिणीच्या कपाळावरून पांढरा रुमाल फिरवला आणि आपल्या बाटलीतलं पाणी भांड्यात ओतून त्यात बुडवला. पाणी लालभडक झालं. बायका भिंतीला चिकटल्या.

"बाळाच्या जिवावर उठलीय ही," महाराज म्हणाले. "सात दिवस खोलीत एकटी कोंडा. डॉक्टर नको. माझं पाणी पुरे." हेच पाणी ते मूळव्याधीलाही देत.

मी प्रसूती विभागातली नर्स. पाचव्या आठवड्याच्या तपासणीला ती आली नाही म्हणून घरी आले होते. शेजारी बाळ रडून दमलं होतं, पण तिनं मानही वळवली नव्हती.

"मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"आमच्यासमोर विचारा की," सासूबाई म्हणाल्या.

दवाखान्यातून सोडताना तसंच विचारलं होतं. "झोप छान लागते," असं सासूबाईंनीच सांगितलं आणि मी कागदावर खूण केली. या वेळी मी सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं.

"बाळ झोपल्यावर तुला झोप येते?"

"आठ दिवस नाही."

"स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं?"

मी थांबले.

"काल गच्चीच्या कठड्यापर्यंत गेले होते, सिस्टर. आता पाणीही लाल झालं. म्हणजे मीच वाईट. मी गेले की बाळ वाचेल."

मी तिचा हात धरूनच बाहेर आले. महाराजांच्या पिशवीतून कोरडा रुमाल घेतला, कपाटावरून फिरवला आणि त्यांच्याच बाटलीतल्या पाण्यात बुडवला. पाणी लाल.

"कपाटालाही बाधा झालीय का, महाराज?"

त्यांच्याच पिशवीतला दुसरा रुमाल तिच्या कपाळावरून फिरवून घरातल्या नळाच्या पाण्यात बुडवला. काहीच झालं नाही. शाळेत केलेला प्रयोग मला आठवला होता: रुमालांना प्रयोगशाळेत मिळणारी पांढरी पूड चोळलेली होती आणि बाटलीत धुण्याचा सोडा होता. दोन्ही एकत्र आले की पाणी लाल होणारच, कपाळ कुणाचंही असो.

"श्रद्धा नाही तिथं आम्ही थांबत नाही," म्हणत महाराजांनी पिशवी आवरली.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "मग हिला झालंय काय?"

"बाळंतपणानंतरचं नैराश्य. आजार आहे हा. उपचारांनी बरा होतो. पण डॉक्टरांकडे आत्ताच जायचं, आणि हिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही."

तिच्या नवऱ्यानं गच्चीला कुलूप लावलं. सासूबाईंनी बाळ घेतलं. गाडीतही मी तिचा हात सोडला नाही. तिला बरं व्हायला चार महिने लागले. पहिले तीन आठवडे फोन वाजला की मी दचकायचे.

आता मी प्रत्येक बाळंतिणीला एकटीला गाठून विचारते. तुम्हीही विचारा. झोप, भूक, भीती, मरणाचे विचार, सगळं नीट विचारा, आणि तिचं उत्तर तिच्याच तोंडून ऐका.